गोलमधली भिंत आणि पंधरा टक्के

चष्मेवाल्यांच्या दुकानात एक उंच मुलगी शिरली आणि थेट काउंटरशी येऊन म्हणाली, "काका, वह्यांवर किती सूट द्याल?"

चष्मेवाल्यांनी मागे वळून पाहिलं. भिंतीवर चारशे फ्रेमा टांगल्या होत्या. वही औषधालाही नव्हती.

"वह्यांचं दुकान शेजारी. इथं डोळे मिळतात."

मुलीनं जीभ चावली, पण पाय मागे घेतला नाही. आलेच आहे तर सांगून जाते, म्हणाली. मुलींची हँडबॉलची टीम. दुसऱ्या शहरात स्पर्धा. बसचं भाडं आणि प्रवेश फी जमवायची, म्हणून एक कार्ड छापायचं. कार्डावर आसपासच्या दुकानांची नावं. ज्यानं कार्ड घेतलं त्याला त्या दुकानांत वर्षभर सूट.

"म्हणजे गिऱ्हाइकाला सूट आणि तुम्हाला बस. आणि मला?"

"तुम्हाला आम्ही तेरा जणी. प्रत्येकीच्या घरी एक तरी आजी आहे."

चष्मेवाले खो खो हसले. कितीतरी दिवसांनी दुकानात इतकं हसू सांडलं होतं. "वाच बघू, कोण कोण आहे कार्डावर."

तिनं नमुन्याचं कार्ड उचललं आणि नाकाला टेकेल इतकं जवळ नेलं.

तीस वर्षं माणसांचे डोळे तपासलेला माणूस तो. त्यांचं हसू ओठांवरच थांबलं. त्यांनी समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं. मुलीनं शेवटची, मुंगीएवढी ओळ घडाघडा म्हणून दाखवली. चष्मेवाल्यांनी तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला दुसरीच अक्षरं होती. मुलीला एकही वाचता आलं नाही.

"पाठ केलास होय तक्ता?"

"शाळेत डोळे तपासायला हाच असतो."

"टीममध्ये कुठं खेळतेस?"

"गोलमध्ये. दोन वर्षं झाली. मला भिंत म्हणतात."

"आणि चेंडू? तो कसा दिसतो?"

"दिसत नाही. ऐकू येतो." मुलगी हळू बोलू लागली. हॉलची फरशी लाकडी. मारणारी उडी घेते तेव्हा तिचा बूट कर्र वाजतो. कुठल्या बाजूला वाजला, केवढ्यानं वाजला, त्यावरून चेंडू कुठून येणार ते कळतं. तोफ म्हणतो अशी एक आहे आमच्यात, ती मारण्याआधी श्वास रोखते. "मग मी हात वर नेते. येतोच तिथं."

चष्मेवाले तिच्याकडे बघतच राहिले. जग म्हणजे नजर, नजर म्हणजे जग, असं मानून त्यांचं आयुष्य गेलं होतं. आणि ही शाळकरी पोर दोन वर्षं कानांनी गोल राखत होती, पायरवावरून माणूस ओळखावा तशी.

"घरी का नाही सांगितलंस गं?"

"चष्मा लागला की खेळाच्या बाई गोलमधून काढतील. दुसरीकडे कुठं खेळू? मला पळता येत नाही, काका. मला उभं राहता येतं."

खेळायचा वेगळा चष्मा असतो, न फुटणारा, डोक्यामागून पट्टा येणारा, असं त्यांनी तिला समजावलं. बाई काढणार नाहीत, असंही बजावलं. "आणि तो मी तुला फुकट देतो."

"फुकट कार्डावर कसं छापायचं? पंधरा टक्के द्या, सगळ्यांना. मग मीही कार्ड दाखवूनच घेईन."

"दहा."

"तेरा आज्या, काका."

पंधरावर सौदा ठरला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आली, नंबर निघाला उणे साडेतीन. आठवड्यानं चष्मा घेऊन गेली.

आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी भर दुपारी परत आली. चष्मा काउंटरवर ठेवला. डोळे लाल.

"परत घ्या. काल दहातले आठ सुटले. दिसायला लागलं आणि सगळं गेलं. आज पाचला बाई स्पर्धेची यादी पाठवतात. त्यात मी नसणार."

"चेंडू कसा दिसतो?"

"छोटा. लांब आहे असं वाटतं, आणि एकदम अंगावर येतो. जिना उतरतानाही पाय चुकतो."

चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. नवा चष्मा घेणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत आले होते, थोडे दिवस अंतर चुकेल, कठडा धरून उतरा. तीस वर्षांत एकालाही चुकले नव्हते. हिचंच कौतुक ऐकता ऐकता, करता करता, हिलाच सांगायचं राहिलं.

त्यांनी शटर ओढलं. "चल. चूक माझी, बाईंना सांगायला मी येतो."

हॉलवर बाईंनी गळ्यातली शिट्टी हातात धरून सगळं ऐकलं. "दोन वर्षं ही न बघता अडवत होती?"

"हो. आणि चार दिवसांत बघूनही अडवेल."

"चार दिवस कुठून आणू? यादी आजच जायची." बाईंनी घड्याळ पाहिलं, मग मुलीला. "पाच चेंडू. तीन अडव."

तोफेनं चेंडू आपटला. "काय गं भिंते, आता आम्ही दिसतो ना? कशा आहोत?"

"चष्मा परत करायला गेले होते, ते काय उगाच?"

हॉल हसला. पण पहिला चेंडू आत गेला. दुसराही. चष्मेवाल्यांना हात कुठं ठेवावेत कळेना.

मुलीनं मग डोळे मिटले. तोफ धावली, बूट कर्र वाजला, आणि त्याच क्षणी डोळे उघडले. तिसरा तिच्या तळव्यावर आदळला. चौथा मनगटावर.

पाचव्याला तोफेनं आपला ठेवणीतला डाव काढला. उडी डावीकडे, बूट डावीकडे वाजला, श्वासही रोखला, आणि शेवटच्या क्षणाला मनगट उजवीकडे वळवलं. या डावानं भिंत आजवर दर वेळी फसली होती. कानाला मनगट कुठून ऐकू यावं? मुलगी डावीकडे झुकली. मग तिनं ते मनगट पाहिलं. झुकलेलं अंग तसंच ठेवून उजवा पाय लांब फेकला. चेंडू नडगीला लागून छताकडे उडाला.

बाईंनी यादीत पहिलं नाव तिचं लिहिलं. चष्मेवाल्यांचे तळवे टाळ्या वाजवून झोंबत होते. गोलमध्ये मुलगी अजून वाकून उभी होती. काचांवर वाफ धरली होती, पण पुसायला तिनं हात खाली घेतले नाहीत.

"अजून एक मार," ती तोफेला म्हणाली.