पश्चिमेच्या भिंतीशी अँटेना

टीव्हीचा टॉवर बंद करायला निघालात तुम्ही, आणि आम्हाला एका शब्दाने विचारलं नाहीत. आता कुणी बघत नाही म्हणे. ही तबस्सुम बघते आहे — धुळ्यातल्या दोन खोल्यांत, हातात अँटेनाच्या दोन कांड्या, एक सरळ, एक मधेच वाकलेली, टोकाची गोळी गेलेली…

डिशची छत्री वादळात गेली, घरातला एकुलता फोन नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये, शेजारच्या लताबाईंच्या केबलवर तो चॅनल नुसता काळा. उरला हा अँटेना आणि महिनाअखेरपर्यंतचा तुमचा टॉवर. आज लेकीची, रूहीची मॅच. खो-खो. राज्याची. थेट दाखवणार.

पोरीला पळताना तिने पाहिलंच नव्हतं — म्हणजे पाहिलं होतं, अंगणात, कोंबडीमागे, एवढीशी असताना… पण मैदानावर? मोहल्ल्यातल्या बाया तिकडे जात नाहीत असं कुणी म्हटलं नव्हतं, कुणी गेलंच नव्हतं एवढंच. आणि ती इतकी वर्षं नुसते लेकीचे सोललेले गुडघे धूत राहिली, हळद दाबत राहिली. रूही हूं की चूं करत नसेल तर जिंकलेली, कण्हत असेल तर हरलेली.

अँटेना खिडकीत धरला, पडद्यावर नुसत्या मुंग्या. कपाटावर मुंग्या, आणि मुंग्यांमागून कुणाचा तरी आवाज. मग कांड्या पश्चिमेच्या भिंतीशी गेल्या आणि मैदान उमटलं, पांढऱ्या रेघांसकट — तिच्या छातीत धाडकन काहीतरी उघडलं.

वायर आखूड. टीव्हीही इथेच ओढावा लागणार. आणि ही भिंत किब्ल्याची. हिच्याकडे तोंड करून नमाज, म्हणून हिच्यावर साधं कॅलेंडरही नाही.

"उधर नको गे," सासूबाई, हसीनाबी, जानमाज, नमाजाची चटई, घेऊन उभ्या. "तसवीर के सामने पढूं क्या मैं?"

"अम्मा, रूही आनेवाली है उसमें."

हसीनाबींनी घडी उलगडली नाही. काखेत मारली आणि आत गेल्या, जिथे पलंगाशेजारी जेमतेम वाकता येतं.

टीव्ही ओढला. कांडी सोडली — मुंग्या. धरली — मैदान. धरायची तर टीव्हीच्या मागे, भिंतीला चिकटून उभं राहायचं. तिथून दिसते टीव्हीची पाठ आणि भोकांतली धूळ.

"तुनी पोर दिसनी वं!" लताबाई दारातूनच. "लाल कपडास्मा शे. सरक, मी धरस." त्यांनी धरली आणि मैदान गेलं. "मना हातमा दम नही शे. तूच धर."

धरली. हसीनाबी नमाज आटोपून आल्या, पडद्यासमोर मांडी घालून बसल्या.

"हिल नको, तबस्सुम… कैसी भागती गे. पाँव जमीन पे टिकतेच नै."

पडद्याच्या उजेडात ते दोन चेहरे, आणि मी, तबस्सुम, त्यांच्यावर रूहीला बघते आहे — सासूबाईंची मान डावीकडे गेली की ती डावीकडे, लताबाईंनी पदर चावला की कुणीतरी तिच्या मागे, पार पाठीला लागून… सुटली, सुटली, सासूबाई हसल्या… आणि माझा तळवा गरम झालाय, ती त्यातूनच पळते आहे, इतकी वर्षं ती कुठे पळत होती आणि मी कुठे होते — आता हात तुटला तरी सोडणार नाही.

कुणी बघत नाही म्हणता. पुढच्या महिन्यात ही पोर पुन्हा मैदानात उतरेल. तुमचा टॉवर नसेल. तेव्हा मी हा हात कशाला धरायचा? सांगा.