बरणीतली गाठ

त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे पिकल्या केसांचे पुरुष. गाठ काढणाऱ्या बाबांच्या रांगेपेक्षा संडासाची रांग लांब!

"टाका नाही, भूल नाही, सुरी तर नाहीच!" बाबा गरजले. "डॉक्टर कापतो, मी नुसतं काढतो! कालपासून पाणी प्यायला नाहीत ना? प्यायलात तर शक्ती वाहून जाईल. आजची रात्रही थेंब नको."

अण्णा टेबलावर आडवे झाले. जन्मभर खाटिकाचं दुकान चालवलेला धिप्पाड माणूस, पण डोळे गच्च मिटलेले. सोबत आलेली त्यांची मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा नुसता जळफळाट चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, प्रोस्टेटची ग्रंथी वाढलीय; लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडायचा, पोट फाडायचं नाही. पण अण्णा ऐकतील तर शपथ!

बाबांनी चादरीखाली ओटीपोट मळलं. लाल पाणी ओघळलं आणि मुठीतून एक लिबलिबीत गाठ वर आली. अण्णांनी डोळे उघडून ती पाहिली, पुन्हा मिटले. गर्दीने जयजयकार केला.

त्या रात्री अण्णा एकदाही लघवीला उठले नाहीत.

"पाणीच प्यायला नाहीत, तर उठाल कशाला?" मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस. गुण आलाय मला."

स्पिरिटच्या बरणीतली ती गाठ कपाटावर विराजमान झाली. अण्णा संध्याकाळनंतर पाणी तोंडाला लावेनात. तिने हातापाया पडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. काही उपयोग नाही. स्वतःच्या बापापुढे तिचं शिक्षण पालथ्या घड्यावर पाणी ठरलं.

आणि एका संध्याकाळी लघवी पार अडली. अण्णा गुरासारखे ओरडत होते. दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठे सुटका झाली.

"मूत्रपिंडांना मार बसलाय," डॉक्टर म्हणाले. "ती सावरली तर ऑपरेशन करू. पण मूत्राशय फार ताणलं गेलंय. नळी कायमची राहूही शकते. आधी यायला हवं होतं."

मुलीने पिशवीतून बरणी काढून टेबलावर आदळली. "ही बघा, काढलेली गाठ! काय आहे हे, सांगा यांना!"

"त्यांना काय विचारतेस?" अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. "कोंबडीची कलेजी आहे. त्या बाबाच्या मुठीतून वर आली तेव्हाच ओळखली मी. रंगीत पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा होता सोबत."

"ओळखली? मग बोलला का नाहीत, अण्णा?"

"भ्यायलो गं पोरी. जन्मभर सुरी चालवली, पण सुरीखाली झोपायची हिंमत होईना. म्हटलं, खोटं तर खोटं, सुरी तरी टळली."

रागवायचं तरी कुणावर? अण्णांनी बरणी तिच्याकडे सरकवली.

"मला उठवत नाही. तू जा. त्या बाबाच्या रांगेत लोक उभे असतील अजून."

लोक उभे होतेच. ती बरणी उंचावून घसा फोडून सांगत राहिली. बाबांच्या माणसांनी तिला दाराबाहेर ढकललं, रांगेतला एक जण "वेडी दिसते" म्हणाला. शेवटी ती संडासाच्या रांगेपाशी गेली.

"काका, माझ्यावर नका ठेवू विश्वास. फक्त आज रात्री नेहमीसारखं पाणी पिऊन झोपा. उठावं लागलं, तर गाठ आहे तिथेच आहे. मग भीती वाटली तरी डॉक्टरकडे जा. माझ्या वडिलांनी उशीर केला."