डिनीचे बटाटे आणि मी

मी घडीची सायकल बोलतेय. बुटकी, छोट्या चाकांची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग ऐका.

कारखान्यात माझ्या कमरेत एक बिजागरी बसवली आणि सगळं आयुष्य तिच्यावरच चाललं. पहिला मालक कचेरीत जाणारा. रोज घडी घालून रेल्वेत नेई आणि दाराशी आदळी. "माफ करा" म्हणे, पण मला नव्हे, ज्याच्या नडगीला मी लागे त्याला. दुसऱ्यानं मला गवत कापायच्या यंत्रामागे टाकलं आणि विसरला. शेवटी झुटफेन गावात लामर्टच्या जुन्या सायकलींच्या दुकानात येऊन पडले.

तिथं एका बाजाराच्या दिवशी डर्क आणि डिनी आले. म्हातारा-म्हातारी. लग्न झाल्यापासून दर मे महिन्यात दोघं सामान बांधून सायकलीवर निघायचे. पण आदल्या मे महिन्यात नदीच्या बांधावर समोरून वारा आला आणि डर्कचा दम संपला. स्टेशन जवळच होतं. पण संध्याकाळच्या गर्दीत मोठी सायकल गाडीत घेत नाहीत. फलाटावर बसून तो म्हणाला, "बास. यापुढं तू एकटी जा."

डिनी काही एकटी जाणारी नव्हती. घडीची सायकल सामान म्हणून केव्हाही गाडीत जाते, हे तिला ठाऊक होतं.

"सर्कशीतल्या अस्वलाची आहे ही," मला बघून डर्क म्हणाला.

"अस्वल निदान कुरकुर करत नाही. बस तिच्यावर."

त्याचा डोळा माझ्या शेजारणीवर. तीही घडीचीच, पण चकचकीत, हलकी. एका हातानं उचलली, चौकात फेरी मारली आणि म्हणाला, "हीच!" इथं मूल चालायला लागलं की सायकलवरच बसतं, त्यामुळं एका फेरीत सायकल कळते असं प्रत्येकाला वाटतं. अरे, पण रिकाम्या सायकलवर फेरी? प्रवासाला काय रिकामे जाणार आहात?

डिनी तडक बाजारात गेली आणि बटाट्यांच्या जड पिशव्या घेऊन आली.

"लामर्ट, सायकलला अडकवायच्या बॅगा दे. भर यात."

"बाई, हे सायकलचं दुकान आहे."

"दिसतंय मला. भर."

बटाटे भरले आणि चकचकीत बाईचा तोरा उतरला. सांगाडा आखूड, त्यामुळं पायडलच्या दर फेऱ्याला डर्कची टाच मागच्या बॅगेवर. ठप, ठप. हँडल झोकांड्या खायला लागलं. पुलाच्या चढावर तर डर्कला उतरावंच लागलं, हलका गिअरच नव्हता.

मग माझी पाळी. माझं कॅरियर मागं लांब, टाच कुठं लागत नाही. पुढची बॅग हँडलला नाही, सांगाड्याला अडकते, म्हणून हँडल डुलत नाही. चढाला हलका गिअर आहे. डर्क पूल चढून परत आला.

"कशी आहे?" लामर्टनं विचारलं.

"वाईट नाही."

इथल्या माणसाकडून याहून मोठं कौतुक मिळत नाही.

"जड आहे मात्र," तो पुटपुटला.

"मग रेल्वेत आधी बॅगा चढव, मग सायकल. गाडी काय पळून जातेय?" डिनी म्हणाली. झालं, मी त्यांची झाले. पुढं बरेच दिवस त्या घरात बटाट्यांशिवाय काही शिजलं नाही.

मे महिना आला. नदीचा बांध तोच, वाराही तोच. वाइहे गावापाशी डर्क थांबला. चेहरा राखेसारखा. डिनी तिच्या मोठ्या सायकलवर होती. स्टेशनात डर्कनं स्वतःच बॅगा काढल्या, माझी बिजागरी उघडून घडी घातली आणि गाडीत चढला.

"साहेब, गर्दीची वेळ आहे. सायकल चालणार नाही," गाडीतला तिकीट तपासनीस म्हणाला.

"सायकल कुठाय? हे सामान आहे."

त्यानं वाकून मला पाहिलं आणि हसला. "मग सामान दारातून हलवा."

"पुढच्या स्टेशनात, झ्वोलला, कॉफी सांगून ठेव! केकसकट!" डिनी बाहेरून ओरडली आणि वाऱ्यात निघाली.

झ्वोलच्या स्टेशनात डर्क दोन कॉफ्या पुढ्यात घेऊन बसला. मी टेबलाखाली, घडी घातलेली. दार उघडलं की मान वर करायचा. शेवटी ती आली, केस पार विस्कटलेले.

"गार झाली तुझी कॉफी," डर्क म्हणाला. "उद्या लवकर निघू."

"बास" म्हणणारा माणूस "उद्या" म्हणाला. मी टेबलाखालून ऐकलं.

त्यानंतर पुष्कळ मे महिने झाले. आता हिवाळ्यात मी त्यांच्या दाराशी कोटांखाली असते. बिजागरी कुरकुरते, डर्कही कुरकुरतो, आणि तरी स्वतः येऊन मला तेल घालतो. तुम्ही कधी माझ्यासारखी घ्यायला गेलात, तर रंग बघू नका. आधी बटाटे भरा, मग फेरी मारा. त्या दिवशी डिनीनं ते भरले नसते, तर मी अजून लामर्टच्या कोपऱ्यात गंजत असते आणि डर्क घरी खिडकीत. तिचे उपकार फिटायचे नाहीत. फेडायचेही नाहीत मला. मे आला की दारातून बाहेर काढा, एवढं पुरे.