पाहुण्यापुरता मोबाईल

शबनूर नदाफ गडमुडशिंगीत आशा सेविका होती आणि तिचा मोबाईल अख्ख्या गल्लीचा होता. कुणाला पुण्याच्या लेकाला व्हिडिओ कॉल लावायचा असे, कुणाला पोराचा निकाल बघायचा असे. ती कुणालाच नाही म्हणायची नाही. मग एकदा शेजारच्या पोरीनं गेम खेळता खेळता फोटो चाळले, आणि एका बाईच्या तपासणीचा रिपोर्ट तिच्या घरच्यांच्या आधी गावाला कळला. ती बाई एवढंच म्हणाली, "तुझ्यावर इस्वास ठेवला हुता."

शबनूरला ते फार लागलं. त्यानंतरही ती मोबाईल द्यायची, पण आधी त्यात गेस्टचं, म्हणजे पाहुण्याचं वेगळं खातं उघडून. समोरच्याच्या हातात कोरा मोबाईल जायचा. तिचे फोटो, नंबर, मेसेज सगळं पिनच्या आड राहायचं.

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या व्हरांड्यात पंधरावीस बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात अमरसिंह आला. त्याची बायको वर्षाराणी चार दिवसांपूर्वी अंगावर वळ घेऊन घराबाहेर पडली होती. ती कुठं आहे हे गावात एकट्या शबनूरला ठाऊक होतं. पत्ता, वेळोवेळी काढलेले वळांचे फोटो, सगळं त्या मोबाईलमध्येच होतं.

"शबनूरताई, माझी बॅटरी उतरलीया. बिद्रीतल्या एका दवाखान्याचा पत्ता बघायचा हाय. द्या की जरा."

नाही म्हणावं तर वर्षाराणीचा ठिकाणा हिला ठाऊक आहे हा त्याचा संशय पक्का होणार. शबनूरनं पाठ फिरवली, गेस्टचं खातं उघडलं आणि मोबाईल त्याच्या हातात दिला.

अमरसिंह भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शबनूर एका बाळाचं वजन करत होती, पण तिचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडं होतं. नकाशा त्यानं उघडलाच नाही. फोटो उघडले, तिथं एकही नव्हता. नंबर उघडले, तीच गत. व्हॉट्सॲप तर सापडेचना.

"ह्यात कायच न्हाय की!" तो खेकसला.

"पत्ता बघायचा हुता न्हवं, दादा? माझ्या फोटूत दवाखाना कुठनं घावंल?"

साऱ्या बाया त्याच्याकडं बघत होत्या.

"पिन सांग."

"न्हाय सांगनार. मोबाईल माझा हाय, पण आतल्या गोष्टी गावातल्या लेकीसुनांच्या हाईत."

"तुझं काम घालवीन!"

"घालवा की. तक्रार लेखी द्या. दवाखान्याचा पत्ता म्हणून मोबाईल घेतला आणि बायकोला हुडकत हुतो, हे बी लिवा त्यात. हितं साक्षीला समद्या बसल्यात."

अमरसिंहनं मोबाईल आपटायला हात उगारला. तशी नातीला मांडीवर घेऊन बसलेली बायडाबाई उठली.

"आपटून तर बघ! मग तू हाईस आन् मी हाय!"

तिच्यामागं दुसरी उठली, तिसरी उठली. अमरसिंहनं मोबाईल टेबलावर टाकला आणि तो फटफटीला किक मारून गेला.

लेखी तक्रार काही त्यानं दिली नाही, पण आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांचे कान मात्र भरले. दोन दिवसांनी त्यांनी शबनूरला बोलावून घेतलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "बरं, मला तरी दाखव ते फोटो."

"साहेब, तुम्हाला बी न्हाय. वर्षाराणीला इचारल्याशिवाय न्हाय."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. पण ते एवढंच म्हणाले, "जा, कामाला लाग."

शबनूरनं बाहेर येऊन वर्षाराणीला फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"ताई," वर्षाराणी म्हणाली, "पोलिसांना ते फोटू मी सोता दाखवनार हाय. उद्याच येतो. तू येशील का संगट?"

"येतो की."

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून पोलीस ठाण्याची पायरी चढल्या. शबनूरनं पिन टाकली आणि मोबाईल वर्षाराणीच्या हातात दिला. एकेक फोटो तिनं आपल्या बोटानं उघडला, आणि प्रत्येकाची तारीख मोठ्यानं सांगितली.