कडेला लिहिलेलं नाव

मी एक कात्री बोलतेय. गुरांच्या पेंडीच्या पोत्यांचे टाके उसवणारी, दुकानातली कात्री. आजवर कुणाला काही सांगितलं नाही, पण एक गोष्ट मनाला फार लागून राहिलीय.

बारामतीच्या एका लोहारानं मला घडवलं. सर्जेरावांनी आठवडे बाजारातून घेतलं आणि भवानीनगरच्या आपल्या दुकानात आणलं. दिवसभर पोती उघडायची, सांजंला खिळ्यावर लटकायचं. कधीमधी सर्जेराव माझ्यानं मिशाही कातरायचे. बरे दिवस होते.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात दुकानाच्या भिंतीवर एक फोटो आला. कन्हेरी गावची बानूबाई, मांडीवर कोकरू, म्हातारी त्याच्याकडं बघून हसतेय. काढला होता सोपाननं. त्याचा स्टुडिओ इंदापूरला. सर्जेरावांना फोटो आवडला, त्यांनी मोठा करून मागितला. सोपाननं आधी बानूबाईला विचारलं, मगच पैसे घेऊन दिला. खालच्या पांढऱ्या कडेवर त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'छाया : सोपान. विचारल्याशिवाय छापू नये.'

दिवाळीच्या आधी सर्जेरावांनी स्वतःच्या नावाची पेंड काढायची ठरवली. पोत्यावर चित्र हवं होतं. त्यांनी फोटो चौकटीतून काढला, इकडंतिकडं बघितलं आणि मला उचललं. मला वाटलं, कागदच तर आहे. गेले एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोपानचं नाव खाली पडलं आणि केरात गेलं.

महिन्याभरात पोती आली. प्रत्येक पोत्यावर निळ्या शाईतली बानूबाई. फोटो पुन्हा भिंतीवर गेला, बिननावाचा. मी रोज बानूबाईच्या डोक्यावरचे टाके उसवत राहिले.

एके दिवशी सकाळी सोपान आला. हातात एक रिकामं, ओलं पोतं.

"सर्जेराव, ह्ये कन्हेरीत म्हशीखाली हातरलं हुतं."

"मग? रिकामं पोतं काय देव्हाऱ्यात ठेवत्यात व्हय?"

"मला इचारलं का तुमी?"

"आरं, फोटू मी इकत घेतलाय. माझाच की त्यो!"

"कागद तुमचा. चित्र माझं, आन् तोंड त्या म्हातारीचं. तिला मी शबुद दिला हुता, फोटू भिंतीवरच ऱ्हाईल म्हणून."

सर्जेराव भिंतीकडं बोट करून म्हणाले, "तुझं नाव कुटं हाय त्यावर?"

सोपाननं फोटोच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. "हुतं. कापलंय कुणीतरी."

"छापखान्यावाल्यानं कापलं आसंल," असं म्हणत सर्जेरावांनी मला हळूच वहीखाली सरकवलं.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. बानूबाई सोपानबरोबरच आली होती, पण आत यायला लाजत होती.

"नातवंडं म्हनत्यात, आज्ये, तुज्यावर म्हस मुतली. आदी मीबी हसले, सर्जेराव. मंग बाजारला जायाचंच सोडलं. मान्सं तोंडाकडं बघून हसत्यात." तिनं ते ओलं पोतं जवळ ओढलं. "कात्री द्या जरा. माजं तोंड तेवढं कापून घ्येते."

सर्जेरावांनी वहीखालून मला काढलं. मी तिच्या हातात जायच्या आधीच ते म्हणाले, "सोपानराव, नाव म्याच कापलं. ह्याच कात्रीनं."

बानूबाईनं पोतं खाली ठेवलं आणि म्हणाली, "फुडं छापू नगा. आन् छापल्याली पोती उलटी करून भरा."

तसंच झालं. उरलेली पोती उलटी करून भरली, म्हातारी आतल्या बाजूला गेली. गावोगाव गेलेली आणायला सर्जेराव स्वतः टेम्पोत बसले, साधं पोतं देऊन छापलेलं परत घेत वडगाव निंबाळकरपर्यंत गेले. बरीच मिळाली. सगळी नाही मिळाली.

फोटोवर पुन्हा नाव लिहायला सोपान आला, तर कडच उरली नव्हती. शेवटी त्यानं ते कोकराच्या पायापाशी लिहिलं.

आता मी गंजलेय. एक पातं खिळखिळं झालंय. गिऱ्हाईक विचारतं, "नाव असं मधीच कसं वो?" सर्जेराव माझ्याकडं बघतात आणि मान खाली घालून पैसे मोजायला लागतात. मलाही मान वर करवत नाही.

तुमच्या घरीही एखादी कात्री असेल. तिला असल्या कामाला लावू नका. तिला नाही म्हणता येत नाही.