चौकोनी दिव्यांचं तोंड

दुकानाच्या फरशीवर दोन तोंडं मांडून ठेवली होती. डावीकडचं जुनं: गोल दिवे दोन, जाळी एक, मडगार्ड दोन, बॉनेट एक, आणि कागदासारखा चुरगळलेला बंपर. उजवीकडचं नंतरच्या पिढीच्या गाडीचं: चौकोनी दिवे चार, जाळी, मडगार्ड, बॉनेट, धड बंपर. जोडीला रेडिएटर धरून ठेवणारी लोखंडी चौकट. डब्यात बोल्ट एकतीस. पॅकिंगच्या चकत्या चार, त्यातल्या तीन सुतळीत ओवलेल्या. मोजणारा थोरला भाऊ होता. मोजून झाल्यावर त्याने नाक मुरडलं, कारण बोल्ट अडतीस हवे होते.

"बाकीचे सात कुठे गेले, साहेब?"

"असतील इथेच कुठेतरी," धाकटा म्हणाला. "तू बस ना, दादा. आज मीच बसवणार असं ठरलंय."

ठरलं होतं खरं. पिकअप बाबांची. बाबांच्या माघारी ती दोघांची झाली, पण उभी राहायची ती थोरल्याच्या डेंटिंगच्या दुकानातच. मागच्या महिन्यात उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं आणि पुढचा भाग कामातून गेला. त्या पिढीचे मडगार्ड आता शोधूनही मिळत नाहीत. धाकट्याने इंटरनेटवर वाचलं की कंपनीने पुढच्या पिढीत फक्त तोंड बदललं, खालची चासी तीच ठेवली. तेवढ्या ज्ञानावर तो चौकोनी दिव्यांचं तोंड घेऊन आला. वर म्हणाला, मी स्वतः बसवतो आणि गाडी माझ्या गावी घेऊन जातो. थोरल्याने ऐकून घेतलं. मग अट घातली: संध्याकाळी सहाला बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट मोजायची. दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटरच्या आत असेल तर गाडी तुझी. नसेल तर ती इथून हलणार नाही, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

थोरल्याला गाडी द्यायची नव्हती. त्यामुळे तो स्टूल ओढून निवांत बसला. एवढं सोपं काम त्याला आजवर कोणी दिलं नव्हतं.

धाकट्याने पहिला बोल्ट लावला आणि अंगातली सगळी ताकद लावून आवळला. थोरल्याला गुदगुल्या झाल्या. तोंड बसवताना सगळे बोल्ट आधी सैल सोडायचे, दरवाजापासून पुढे येत फटी जुळवायच्या आणि मगच आवळायचं, हे दुकानातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. हा मात्र प्रेशर कुकरचं झाकण लावावं तसा एकेक बोल्ट पिळत सुटला.

"वहिनी, बघताय ना? दिसतं तेवढं अवघड नाहीये."

थोरल्याची बायको पलीकडे पॉलिश पेपरने दरवाजा घासत होती. गाड्यांना रंग तीच द्यायची. "बघतेय," ती म्हणाली. "आधी बारा नंबरचा पाना सरळ धरा भावजी, तो उलटा आहे."

"अगं, सांगू नकोस," थोरला म्हणाला. "साहेबांनी वाचून काढलंय सगळं."

मग चौकट ठेवायची वेळ आली. ती चासीच्या दोन टोकांवर बसते, मध्ये पॅकिंगच्या चकत्या. धाकट्याने सुतळी सोडून तीन चकत्या हातात घेतल्या, चौथीकडे पाहिलं आणि हसला.

"बाबांचं कामच असं. जुनं तोंड सोडवताना डावीकडे तीन निघाल्या, उजवीकडे एक. कशाला कशाचा मेळ नाही. दोन्हीकडे सारखंच हवं ना?"

त्याने दोन इकडे, दोन तिकडे घातल्या आणि दोन्ही बोल्ट पिळले. थोरला खिशातला हात बाहेर न काढता बसून राहिला. चासीचं डावं टोक खाली वाकलेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी हाच शहाणा फाटकाच्या खांबाला गाडी घालून आला होता आणि बाबांनी ओरडण्याऐवजी मुकाट्याने तीन चकत्या घातल्या होत्या. ज्याने वाकवलं त्यालाच पत्ता नाही! असल्या माणसाच्या हाती गाडी द्यायची म्हणजे हातपाय बांधून तिला विहिरीत ढकलण्यासारखंच.

पाच वाजून वीस मिनिटांनी बॉनेट खाली आलं. उजवीकडे ते मडगार्डला घासून करकरलं. डावीकडे मात्र बोट आत जाईल अशी फट. चारही दिवे जरा तिरके. गाडी कोणीतरी कानफटात मारल्यासारखी दिसत होती.

"काय दिवे लावलेत!" थोरला उठून हसला. खिशातली स्टीलची पट्टी काढून त्याने फटीला लावली. "डावीकडे आठ. उजवीकडे अर्धा. घासलंय, रंगही गेला. सहा वाजायचीही गरज नाही."

धाकटा हात पुसत मागे सरला. त्याने गाडीकडे पाहिलं, मग फरशीवरच्या गोल दिव्यांकडे.

"कळलं. या पिढीचं तोंड त्या पिढीला बसतच नाही," तो म्हणाला. "इंटरनेटवाले थापा मारतात. कोणालाच जमणार नाही हे. तुलाही नसतं जमलं, दादा."

त्यात टोमणा नव्हता. तो स्वतःची समजूत घालत होता. पण थोरल्याच्या कानशिलावरची शीर उडाली.

"काय म्हणालास?"

"तुलाही नसतं..."

"सव्वीस वर्षं पत्रा बडवतोय मी! मला नसतं जमलं?"

"अहो," बायको दरवाजामागून म्हणाली, "जिंकलात ना? मग आता बसा की गप्प."

"तू मध्ये बोलू नकोस. आण तो पाना इकडे. आणि तू, साहेब, बाजूला हो, सावली पाडू नकोस! हा असा आवळतात बोल्ट? बरणीचं झाकण आहे का हे? एकतीसच्या एकतीस सैल करायचे आता, तुझ्या कर्तृत्वापायी."

"दादा, पण तू हात लावलास तर..."

"हात कोणी लावायचा हे अटीत नाही. सहाला फट पाचच्या आत हवी, एवढंच आहे. काढ, काढ त्या चकत्या. डावीकडे तीन! का ते विचार ना? विचार!"

"का?"

"कारण चासी वाकवलीस तू, गाढवा. खांब आठवतो? बाबा सोसत बसले आणि तू इंटरनेट वाचत बसलास."

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. तो गुडघ्यावर बसला आणि दादा सांगेल तशी चौकट उचलून धरू लागला. थोरला शिव्या देत दरवाजापासून पुढे सरकत राहिला. फटीत बोट फिरवायचा, तळहाताने मडगार्डला धक्का द्यायचा, एक बोल्ट अर्धा आवळायचा आणि मग पुढचा. मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या कपाटातून सात बोल्ट काढून त्याने रिकाम्या भोकांत घातले. मध्येच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

सहाला दोन मिनिटं कमी असताना त्याने बॉनेट सोडलं. ते एकदाच, जड आवाजात बसलं.

पट्टी त्याने बायकोच्या हातात दिली. तिने हात पुसले, डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं, मग पुन्हा एकदा डावीकडे.

डावीकडे साडेचार. उजवीकडे चार.