सरांचा आवाज

सरांनी सवयीने शिट्टी ओठांत धरली, गाल फुगवले आणि जोर लावला. शिट्टीतून काहीच आलं नाही. गळ्यावर बांधलेलं पातळ कापड तेवढं फडफडलं.

कॉलेजच्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला फुटबॉल टीममधली मुलं पाय मोकळे करत होती. एकानेही वळून बघितलं नाही. सरांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा कापडच हललं.

त्यांची मुलगी पाण्याचा कॅन घेऊन शेजारीच उभी होती. तिने घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली. ऑपरेशनमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून त्यांचा श्वास गळ्याच्या तळाशी केलेल्या भोकातून चालायचा. त्या भोकात एक आखूड नळी होती. नर्सबाईंनी सगळं नीट समजावून दिलं होतं. आंघोळ कशी करायची, नळी कशी काढून धुवायची, कफ वाळून बसला तर आधी काय करायचं, धूळ किती वाईट. शिट्टीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता.

सरांनी शिट्टी हातभर लांब धरली आणि बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. मग शर्टाला पुसून मुलीपुढे केली.

"मी?"

त्यांनी मान हलवली. तूच, आणखी कोण?

ती त्याच कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती. दिवसभरात तिच्या तोंडून निघणारं सगळ्यात मोठं वाक्य म्हणजे "हळू बोला." तिने शिट्टी तोंडात घेतली आणि भीत भीत फुंकली.

"कोणाकडे तरी दुधाच्या कुकरची शिट्टी होतेय," लांबून आवाज आला. तो भिंगरीचा. उजव्या बाजूने पळणारा हा पोरगा पायांनी जितका चपळ, तितकाच जिभेनेही.

मुलं हसली, पण आली. सरांभोवती अर्धगोल करून उभी राहिली आणि एकदम गप्प झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी पाहिलेले सर धिप्पाड होते, आणि त्यांची हाक पार कॅन्टीनपर्यंत पोहोचायची. आता समोर उभा होता तो कॉलर सैल झालेला, गळ्याला कापड बांधलेला एक म्हातारा.

गोलकीपर लंबूने धीर केला. "सर, बरं वाटतंय ना आता?"

सरांनी त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं, मग स्वतःचे गाल फुगवून दाखवले. सुट्टीत जाडा झालास. मुलं पुन्हा हसली. मुलीचा जीव जरा भांड्यात पडला.

पण तो फार वेळ तिथे राहिला नाही. दुपारी प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं.

"सरांबद्दल मला किती आदर आहे ते तुम्हाला सांगायला नको," ते म्हणाले. आदराने सुरू झालेलं बोलणं कुठे जातं हे तिला ठाऊक होतं. "पण ज्या माणसाला बोलता येत नाही, तो टीम कशी चालवणार? उद्या मैदानात काही झालं म्हणजे? नवीन शिक्षक तयार आहेत. सरांनी सन्मानाने बाजूला व्हावं."

"पण त्यांना सीझनची पहिली मॅच तरी..."

"सराव सामना आहे ना त्याआधी? तो मी स्वतः बघतो. सगळं सुरळीत पार पडलं तर पहिली मॅच त्यांची. नाहीतर मग मला गळ घालू नका."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा आई भाजी चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, "घरात बसले तर हे भिंती खातील. मला आधी भिंती वाचव."

बाबांनी पाटी पुढे ओढली आणि लिहिलं, "तू ओरड."

"मी काय ओरडू? मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"मला कळतं. तुला घसा आहे."

प्रश्न होता तो पाठीचा. मैदानाकडे बघायचं तर मागे उभ्या बाबांची पाटी वाचता येत नव्हती. पाटी वाचायला वळलं की चेंडू कुठल्या कुठे जायचा. दोन दिवस तिची मान नुसती गरगरत राहिली. मग बाबांनीच तोड काढली. लहानपणी ती तापाने पडली की ते तिच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढायचे आणि ओळखायला सांगायचे. आता त्यांनी तिला स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून तिच्या पाठीवर खुणा करून दाखवल्या. उजव्या खांद्यावर बोट टेकलं की खेळ उजवीकडे न्या. डाव्या खांद्यावर टेकलं की डावीकडे. मधोमध दोनदा थोपटलं की सगळे वर चढा. पूर्ण पंजा सपाट टेकवला की मागे या, गोल सांभाळा.

"वर चढा!" ती भिंतीला म्हणाली.

"त्या भिंतीला तरी ऐकू गेलं का?" आई म्हणाली.

रोज संध्याकाळी सराव होऊ लागला. ती रेषेला लागून उभी राहायची, बाबा तिच्यामागे. पाठीवर बोट टेकलं की ती ओरडायची. आवाज चिरकायचा, कधी मध्येच बसायचा.

"ताई, लायब्ररीत कुजबुजलो तरी बाहेर काढता," भिंगरी पळता पळता म्हणाला, "आणि इथे कानठळ्या बसवता. एक काय ते ठरवा!"

खुणा तशा सोप्या होत्या. अवघड होतं बाबांचं बोलणं. मध्ये खेळ थांबला की ते नुसते ओठ हलवून सुनवायचे, आणि तिने ते मोठ्याने सांगायचं. बाबांचे ओठ म्हणायचे, "पायात शिसं ओतलंय का? लग्नाला आल्यासारखा काय उभा आहेस!" ती सांगायची, "सर म्हणतात, कृपया थोडं लवकर पळा."

मुलं सैलावली. कप्तान, एरवी मोजकं बोलणारा, तिला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, राग मानू नका. सर असं बोलत नाहीत. तुम्ही मधलं काहीतरी गाळताय."

बाबांनी पाटीवर लिहिलं, "कृपया कुठून आणलंस?" आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांचे ओठ वाचले, डोळे मिटून घेतले आणि ते जसंच्या तसं लंबूच्या अंगावर फेकलं. मग लंबू पाठीत ताठ झाला, हातमोजे आवळले आणि म्हणाला, "आत्ता कसं! सर आले."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. मुलांना सर मिळाले होते. बाबांच्या मानेच्या डाव्या बाजूला, शर्टाची कॉलर घासते तिथे, आलेली गाठ मात्र घरात अजून कोणी बोलून दाखवली नव्हती. नळी धुताना तिच्या बोटाला ती लागली होती. बाबांनी तिचा हात हळूच बाजूला केला होता.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी गाठ चाचपली, जुने आणि नवे फोटो दिव्यापुढे धरले, आणि खुर्ची जवळ ओढून बसले. खुर्ची ओढली तेव्हाच तिला कळलं.

बाबांनी लिहिलं, "सीझन झाल्यावर बघू."

"तुम्ही सीझनचं विचारताय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मी वेगळं सांगतोय."

बाबांनी बाहीने पाटी पुसली. लिहिलं, "पहिली मॅच?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिने खिडकीकडे. "धूळ टाळा," शेवटी ते म्हणाले. दुसरं काही त्यांच्याकडे उरलं नसावं.

सराव सामन्याच्या दिवशी वारा सुटला होता. मैदानावर गवत कमी आणि माती जास्त. प्राचार्य पलीकडच्या बाजूला, मंडपाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. तिने बाबांच्या गळ्यावरचं कापड ओलं करून बांधलं, पिशवीत कफ सैल करायच्या औषधाच्या पाण्याची बाटली आहे ना ते पुन्हा पुन्हा चाचपलं. समोरची टीम तालेवार होती, सगळ्यांचे बूट नवे. पहिला अर्धा खेळ कसाबसा बरोबरीत गेला. बाबांचा पंजा बराच वेळ तिच्या पाठीवर सपाट होता, आणि ती "मागे या, मागे या" करून घसा फोडत होती.

दुसऱ्या अर्ध्यात धुळीचा एक लोट मैदान ओलांडून आला. तिने डोळे मिटले, उघडले. त्याच वेळी पाठीवर मधोमध दोनदा बसलं, जोरात.

आत्ता? चेंडू समोरच्यांकडे होता, आपला गोल उघडा पडला असता. पण पुन्हा दोनदा बसलं, आणखी जोरात, आणि पुन्हा. खूण करताना बाबा इतके कधी चिडत नसत.

"वर चढा!" ती ओरडली. "सगळे वर चढा! लंबू, तू पण!"

मुलं चक्रावली, पण शब्द सरांचा होता. सगळीच्या सगळी टीम पूर आल्यासारखी समोरच्यांच्या अंगावर गेली. त्यांचा बचावातला पोरगा एवढी गर्दी बघून गांगरला, चेंडू त्याच्या पायातून सुटला, आणि भिंगरीने तो पळवून जाळ्यात मारला. मैदानभर आरडाओरडा झाला. गोल!

ती हसत मागे वळली.

बाबा गुडघ्यावर होते. चेहरा काळानिळा, एक हात गळ्यापाशी, दुसरा अजून तिच्या पाठीच्या उंचीवर हवेत. नळी कफाने आणि धुळीने बंद झाली होती.

तिचे हात तिच्याआधी हलले. कापड ओढलं, नळी बाहेर काढली, भोकात औषधाचं पाणी सोडलं. बाबांचं अंग एकदा, दोनदा ताठ झालं. मग एक भला मोठा खोकला आला आणि त्यामागून श्वास, करवतीसारखा आवाज करत. तिने नळी धुतली, परत बसवली. बदली खेळाडूंची पाठ त्यांच्याकडे होती. ते उड्या मारत होते. जगातल्या कोणालाही काही कळलं नव्हतं.

खेळ संपल्यावर प्राचार्य हात पुढे करून आले. "काय धाडस केलंत सर! गोलकीपरसुद्धा वर? आम्हाला तर वेड लागायची पाळी आली. आता पहिली मॅच तुमचीच. काय ताई?"

बाबा तिच्याकडे बघत होते. डोळ्यांत अजून पाणी होतं, खोकल्याचं.

सांगावं, तिला वाटलं. आत्ता, या क्षणी सांगावं. एक वाक्य पुरे होतं, आणि बाबा उद्यापासून घरी सुरक्षित राहिले असते. गाठीसोबत.

"हो," ती म्हणाली. "सरांचीच."

कपडे बदलायच्या खोलीत दोघंच उरल्यावर ती फुटली. "मला वाटलं तुम्ही खूण करताय. तुमचा जीव चालला होता आणि मी पोरांना ओरडत होते, बाबा!"

बाबांचे खांदे हलू लागले. ती घाबरून जवळ गेली. ते हसत होते, आवाजाशिवाय. पाटीवर लिहिलं, "गोल झाला ना?"

"हसू नका!"

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "जीव घुसमटला तर बाही ओढीन." आणि तिची बाही एकदा ओढून दाखवली, रस्त्यात लहान मूल ओढतं तशी.

पहिल्या मॅचला ते स्वतःच्या पायांनी चालत आले. आदल्या आठवड्यात ते अंथरुणातून उठले नव्हते. त्या दिवशी आईने त्यांची दाढी केली, शर्टाची गुंडी लावली आणि दारात उभी राहून फक्त एवढंच म्हणाली, "लवकर आण त्यांना." मैदानावर मुलीने शिट्टी वाजवली. आता ती खणखणीत वाजायची. मुलं अर्धगोल करून उभी राहिली आणि सरांनी एकेकाच्या छातीवर बोट टेकवून त्याला मैदानात धाडलं. लंबूची कॉलर नीट केली.

खेळ सुरू झाला. पाठीवर बोट टेकायचं, ती ओरडायची. उजवीकडे. डावीकडे. वर. बोटं पूर्वीपेक्षा हलकी झाली होती, कधी कधी ती टेकली की भास झाला हे तिला कळायचं नाही. बाही ओढली जाते का, याकडे तिचा अर्धा जीव लागला होता. बाही ओढली गेली नाही.

शेवटाला दोन्ही टीम बरोबरीत होत्या, आणि चेंडू समोरच्यांच्या गोलजवळ होता. तेव्हा तिच्या पाठीवर पूर्ण पंजा सपाट टेकला.

मागे या. तिने तोंड उघडलं. पण पंजा उचलला गेला नाही. तो जड होत गेला. मग दुसरा पंजा त्याच्या शेजारी आला, आणि त्यामागून एका माणसाचं उरलेलं सगळं वजन.

ही खूण नव्हती.

तिने तोंड मिटलं. पाय जरा फाकवून रोवले, गुडघे घट्ट केले, खांदे मागे घेतले. तिच्या मानेवर कापडाआडून श्वास येत होता, उथळ, पण मोकळा. कप्तानाने पळता पळता वळून बघितलं. सरांचे दोन्ही हात ताईच्या पाठीवर. तो थबकला.

"ताई, मागे यायचं?"

तिने नाही म्हणून मान हलवली, अगदी थोडी, वजन ढळू नये इतकी.

"खेळा," ती म्हणाली. "सर बघतायत."

आणि रेफरीची शेवटची शिट्टी होईपर्यंत ती जागची हलली नाही.